बायकांसाठीचं रेडिओ केंद्र कुणाचं होतं?

(पूर्व उपनगरातल्या महिला गटांच्या घाटकोपर इथल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर.)



मागच्या बैठकीत प्रस्ताव आला होता की आपल्या सगळ्या गटांनी मिळून कम्युनिटी रेडिओचा परवाना मागावा, आपलं स्वतःचं छोटं केंद्र काढावं. चर्चा रंगात आली होती, तेवढ्यात मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, ‘‘अगं, मुंबईत बायकांचं रेडिओ केंद्र होतं ना पूर्वी? त्याचं काय झालं?’’ कुणालाच नीट सांगता येईना. नाव मात्र दोघीतिघींना आठवलं आणि आठवताच हसू आलं. म्याव. १०४.८. मग नेहमीसारखं ठरलं, की जी जास्त बोलते तिने माहिती काढून आणायची. म्हणून आज मी उभी आहे.

माहिती जमवताना एक गोष्ट मला टोचत राहिली. ते केंद्र सुरू झालं तेव्हा गाजावाजा झाला. ते गेलं तेव्हा मात्र आपल्या कुठल्या गटाला पत्ताही लागला नाही. एरवी रेशन दुकान हलवलं तर आपण घेराव घालतो, महिला मंडळाची खोली काढून घेतली तर वॉर्ड ऑफिसवर जाऊन बसतो. बायकांसाठी म्हणून चालवलेलं अख्खं रेडिओ केंद्र गेलं, तर आपल्यापैकी कुणी साधं पत्रकसुद्धा काढलं नाही. हे का झालं ते समजून घेतल्याशिवाय आपण आपल्या अर्जाला हात घालू नये, असं मला वाटतं.

थोडं मागून सुरू करते. मुंबईच्या रेडिओत बाई काही काल आलेली नाही. १९४२ च्या ‘छोडो भारत’ चळवळीत पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंदी आली, तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहतांनी आणि त्यांच्या साथीदारांनी याच शहरात गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण, १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड. मधले अडीच महिने जागा बदलत बदलत केंद्र चालू ठेवलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांना परवाना कोण देणार होतं? परवाना देणाऱ्यांच्याच विरोधात तो रेडिओ होता. आपण परवाना मागायला निघालो आहोत, तर हे लक्षात असू द्यावं एवढ्यासाठी सांगितलं.

स्वातंत्र्यानंतरही रेडिओ सरकारचाच राहिला आणि बाईला त्यात दुपारची वेळ मिळाली. आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’ आपल्या आयांनी ऐकलेलं आहे. त्याची टिंगल करायची आपल्याला सवय आहे. लोणची, भरतकाम आणि बाळाचे दात. पण माझ्या पाहण्यातल्या कितीतरी बायकांना पाळणा लांबवण्याच्या साधनांची नावं पहिल्यांदा रेडिओवर कळली, कारण घरात ती कुणी उच्चारत नव्हतं. विविध भारतीचं कार्यालय तर आपल्याच उपनगरात, बोरिवलीला गोराईत. तिथून ‘सखी सहेली’ हा बायकांचा कार्यक्रम देशभर जात आला, खेड्यापाड्यातल्या मुलींची पत्रं त्यात वाचली गेली. मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र आहे, त्यावरून तिथल्या बसस्टॉपपासून सगळ्या भागाला आकाशवाणी म्हणतात. म्हणजे मनोरे आपल्या उपनगरात, माइक सरकारकडे, आणि आपल्याकडे फक्त कान.

१९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई-दिल्लीत एफएमवरचा वेळ खाजगी कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये ते बंद झालं. या दोन सालांच्या मध्ये एक मोठी गोष्ट घडली, जी कार्यकर्त्या म्हणून आपल्याला पाठ असायला हवी. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा! निकाल देणाऱ्यांमध्ये आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, लोकांच्या आहेत, आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा, असा त्याचा अर्थ. पाणी, गायरान, रस्ता, तशाच लहरी.

या निकालानंतर सरकारने काय केलं? लिलाव केला. १९९९ च्या धोरणाने शहरा-शहरातल्या एफएम लहरी बोलीवर निघाल्या. मुंबईतल्या एका केंद्राची वर्षाची फी गेली पावणेदहा कोटींवर, आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. २००२ मध्ये मुंबईत पाच खाजगी केंद्रं सुरू झाली: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, गो आणि विन ९४.६. सार्वजनिक मालमत्ता ज्याच्या खिशात पावणेदहा कोटी आहेत त्याच्या हाती गेली. आणि त्यांनाही ती पेलली नाही! विन ९४.६ दुसऱ्या टप्प्याच्या लिलावापर्यंत टिकलंसुद्धा नाही. गाणी बरी असायची, लोकांना आवडायचं, पण फी दरवर्षी चढणार आणि जाहिराती तेवढ्या चढणार नाहीत, हे गणित कुणाच्याही आवडीनिवडीने सुटत नाही. शेवटी कंपन्यांनी ओरड केली आणि जुलै २००५ मध्ये सरकारने पद्धत बदलली. सुरुवातीला एकदाच बोलीची रक्कम भरायची, पुढे दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के. परवाना १० वर्षांचा. एक अट मात्र पहिल्यापासून होती तशीच राहिली. खाजगी एफएमवर बातम्या आणि चालू घडामोडी चालणार नाहीत.

त्याच जुलैतला एक दिवस सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. साकीनाक्याला डोंगर घरांवर आला. वीज गेली, फोन बंद पडले, लोकल उभ्या राहिल्या. तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ चालू होता. खाजगी एफएमवाल्यांनी गाणी बाजूला ठेवून लोकांचे फोन घेतले. अमकी मुलगी तमक्या शाळेत सुखरूप आहे, आईला सांगा. अमुक पूल बंद आहे, तिकडे जाऊ नका. बातम्यांना बंदी असलेल्या केंद्रांनी त्या रात्री जे केलं ते बातम्यांहून वेगळं काय होतं? कुणी त्यांना अडवलं नाही. पाणी ओसरलं आणि पुन्हा गाणी सुरू झाली.

आता म्यावकडे येते. नव्या पद्धतीच्या लिलावात इंडिया टुडे समूहाच्या रेडिओ कंपनीला दिल्ली, मुंबई आणि कोलकाता इथे १०४.८ ही लहर मिळाली. २००७ मध्ये तिथे ‘म्याव’ सुरू झालं. गाणी कमी, गप्पा जास्त, आणि सगळं बायकांसाठी. असं केंद्र आपल्याकडे पहिलंच, असं तेव्हा सांगितलं गेलं. नावाबद्दल मी बोलणार नव्हते, पण राहवत नाही. बाईचा आवाज म्हणजे म्याव! लाडात आली की अंगाला घासते आणि बिनसलं की ओरबाडते. पुरुषांसाठी केंद्र काढलं असतं तर त्याचं नाव भू-भू ठेवलं असतं का?

मी तेव्हा कॉलेजात होते. मुलुंडहून लेडीज डब्यात दोघींत एक इअरफोन, एक कान तिचा, एक माझा. आम्ही ऐकायचो आणि आवडीने ऐकायचो, हे प्रामाणिकपणे सांगते. आज चळवळीत आले म्हणून तेव्हाची आवड नाकारणार नाही. नवरा-बायकोचं नातं, नोकरी, मुलांचे अभ्यास, शरीराचे प्रश्न, खरेदी, सासू. बोलणारी मुलगी हसत हसत बोलायची आणि समोरून फोन यायचे. एक फोन मला अजून आठवतो. बाई म्हणाली, नोकरी सोडून दोन वर्षं झाली, आता रात्री जेवताना मला कुणी विचारत नाही की आज काय झालं, कारण माझ्या दिवसात काही होत नाही असं सगळ्यांनी धरून चाललंय. पुढे गाणं लागलं. आम्ही दोघी विक्रोळीपर्यंत गप्प होतो. माझी आई मला डोळ्यासमोर दिसत होती.

तेव्हा त्या केंद्रात काहीच नव्हतं असं म्हणू नये. त्यात एक मोठी गोष्ट होती. अनोळखीपणा. दीड-दोन कोटींच्या शहरात तुमचा आवाज कुणाचा आहे हे कुणाला कळत नाही. पुढे आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. ती म्हणाली, ‘‘नवरा मारतो हे मी पहिल्यांदा रेडिओवर सांगितलं. तुम्हाला नंतर.’’ कुठलं केंद्र ते तिला आठवत नव्हतं. पीसीओवरून फोन केला, नाव खोटं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तिला वाटलं की हे सांगता येण्यासारखं आहे. आपल्या फॉर्मवर ‘यापूर्वी कुणाकडे तक्रार केली होती का’ असा रकाना असतो. तिथे मी काय लिहावं?

मग कमी काय होतं? ज्या बाईसाठी हे केंद्र निघालं होतं ती बाई कोण, ते बघा. खाजगी रेडिओ श्रोत्याकडून पैसे घेत नाही, जाहिरातदाराकडून घेतो. दहा दहा सेकंद विकतो. म्हणजे दुकानात मांडलेला माल कार्यक्रम नाही, ऐकणारी बाई हा माल आहे. साबणवाल्याला, बँकवाल्याला, मॉलवाल्याला हवी असलेली बाई. विकत घेऊ शकणारी, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारी. मानखुर्दची कचरावेचक, मालाडला घरबसल्या इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवणारी, आपल्या घाटकोपरला राख्यांचं काम घेणारी, या दिवसभर रेडिओ ऐकतात, कारण हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान रिकामे असतात. पण ऐकणाऱ्या म्हणून त्यांची किंमत शून्य.

आणि श्रोते मोजायची पद्धत कशी होती? २००७ मध्येच रॅम नावाची मोजणी सुरू झाली. निवडक घरांत डायरी द्यायची. पाव तासाला कुठलं केंद्र ऐकलं ते माणसाने स्वतः लिहायचं. दर आठवड्याला त्यावरून क्रमांक लागायचे आणि त्या क्रमांकावर जाहिरातीचा दर. आपल्यापैकी ज्यांनी बचत गटाच्या वह्या भरल्या आहेत त्यांना सांगायला नको, की कामाच्या घाईत बाई किती नोंदी लिहिते. त्यातून गाण्यांचं केंद्र मागे सतत वाजत राहतं. गप्पांचं केंद्र ऐकावं लागतं. कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, की धागा तुटतो. पहिल्या क्रमांकांवर गाण्यांचीच केंद्रं राहिली. म्यावनेही मग गप्पा कमी आणि गाणी जास्त करायला घेतली, आणि २०१० मध्ये नावच बदललं. १०४.८ वर ‘ओये’ आलं. सगळ्यांसाठी, गाण्यांचं. पुढे तेही गेलं आणि ‘इश्क’ आलं. परवाना तोच, लहर तीच, कंपनीने फक्त पाटी बदलली. म्हणून तर कळलं नाही! दुकान बंद होताना शटर पडलेलं दिसतं. इथे शटर उघडंच होतं, आतला माल बदलला.

कंपनीने असं का केलं म्हणून मी रागावत नाही. ती धंदा करायला बसली होती आणि धंद्याच्या हिशेबाने वागली. ज्या बायकांसाठी म्हणून केंद्र काढलं त्यांना विचारायची तिच्यावर कसलीही जबाबदारी नव्हती. आपणही कधी विचारलं नाही. आपल्यापैकी किती जणींनी कधी त्या केंद्रात जाऊन म्हटलं, की कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालाय, त्यावर आम्हाला अर्धा तास द्या? काही महिन्यांपूर्वीच लागू झालेला कायदा आणि बायकांचं नवंकोरं केंद्र. वेळ इतकी जुळली होती. आपण त्यांना चकचकीत म्हणून नाक मुरडलं, त्यांनी आपल्याला रटाळ म्हणून.

बातम्यांची बंदी हा यातला एक खरा अडसर होता, आणि एक सबबही. कालच्या मोर्चाची बातमी देता येत नव्हती हे खरं. पण कायदा काय म्हणतो, संरक्षण अधिकारी कुठे बसतो, हे सांगायला कुठल्याही धोरणाने मनाई केली नव्हती. काही वर्षांपूर्वी मी एका खाजगी एफएम केंद्रात गेले होते. १०४.८ नव्हे, दुसऱ्या. नाव घेत नाही. आमच्या हेल्पलाइनचा नंबर दिवसातून एकदा वाचा, एवढीच विनंती होती. तिथल्या तरुण मुलीने चहा दिला, ऐकून घेतलं, डोळ्यात पाणी आणलं. मग वरच्या साहेबांना विचारून आली आणि म्हणाली, ‘‘ताई, महिला दिनाला नक्की करू. एरवी मूड खाली जातो.’’ वर्षाचे उरलेले ३६४ दिवस मूड सांभाळायचा होता.

बातम्यांच्या या बंदीविरुद्ध कॉमन कॉज या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारने वाट काढली ती अशी, की खाजगी केंद्रांनी आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावाव्यात. एक शब्द बदलायचा नाही.

आता आपल्या प्रस्तावाकडे. कम्युनिटी रेडिओचं दार २००२ च्या शेवटी उघडलं, ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. अटी थोडक्यात सांगते. संस्था नोंदणीकृत आणि किमान ३ वर्षं काम करणारी हवी. प्रक्षेपक १०० वॅटपर्यंतचा, मनोरा ३० मीटरपर्यंतचा, आवाज साधारण ५ ते १० किलोमीटर जातो. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्या लोकांनी तिथेच केलेले हवेत. बातम्यांची बंदी इथेही. जाहिरातींना परवानगी, पण सुरुवातीला तासाला ५ मिनिटंच होती, पुढे ती वाढवली गेली. २५ हजारांची बँक हमी. आणि अर्ज दिल्लीत एका मंत्रालयातून दुसऱ्या मंत्रालयात फिरतो, गृह आणि संरक्षण खातंसुद्धा बघतं. शाळेच्या दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरणाऱ्या बायका आहोत आपण, त्यामुळे घाबरू नये. पण दोन महिन्यांत काम होईल असं कुणी धरून चालू नये.

मुंबईत या दारातून आत गेलं कोण? एक मुंबई विद्यापीठ, कालिन्याच्या आवारात, १०७.८ वर. दुसरी खारच्या युनियन पार्कच्या रहिवाशांची संघटना, ९०.८ वर. रहिवाशांनी रेडिओ काढला याचं मला कौतुक आहे. पण युनियन पार्कचे रहिवासी अर्ज करतात आणि आपल्या गटाला वीस वर्षांत अर्ज करावासा वाटला नाही, याचा विचार करायला हवा. धोरण बायकांच्या भाषेत आपल्यापर्यंत कधी आलंच नाही, हे एक कारण. दुसरं असं, की माइक आपला असतो हे आपल्याला फक्त मोर्चात वाटतं.

शहराबाहेर बायकांनी हे केलेलं आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’. ज्या माणदेशी संस्थेची बायकांची सहकारी बँक आहे, तिचंच हे केंद्र. बँकेचा पहिला अर्ज, सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून, रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. दुसरं उदाहरण बिदरच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या झहीराबादजवळच्या माचनूर गावातलं, संगम रेडिओ. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांमधल्या दलित शेतकरी बायकांनी चालवलेलं केंद्र. १५ ऑक्टोबर २००८ ला ते हवेत गेलं. पण मला त्याच्या आधीची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. परवाना नव्हता, मिळण्याची वाट नव्हती, तरी त्या बायका १९९८ पासून ध्वनिमुद्रण करत होत्या. बियाणं, बाळंतपण, सणांची गाणी, मजुरी. कॅसेट भरायच्या आणि संघाच्या बैठकीत वाजवायच्या. परवाना हातात पडला तेव्हा त्यांच्याकडे कार्यक्रम होते, बोलायची सवय होती, आणि ऐकणाऱ्या आधीच बसलेल्या होत्या. म्यावच्या बरोब्बर उलट. तिथे आधी लहर विकत घेतली, मग बायका शोधल्या.

आता अडचणी. मागच्या वेळी प्रस्तावावर टाळ्या पडल्या म्हणून मी त्या झाकून ठेवणार नाही.

पहिली तांत्रिक. एफएम सरळ रेषेत जातं, आडवा डोंगर आला की अडतं. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये नॅशनल पार्कच्या टेकड्या आहेत. त्यामुळे ‘उपनगरातल्या सगळ्या बायकांचं एक केंद्र’ हे भाषणात छान, पण १०० वॅटमध्ये होणारं नाही. घाटकोपरला मनोरा लावला तर विक्रोळी, कुर्ला, गोवंडी येईल. अंधेरीच्या मैत्रिणींना वेगळा अर्ज करावा लागेल. त्या आज इथे आहेत, त्यांनी राग मानू नये.

दुसरी अडचण तरुण मुली सांगतात. ताई, आता रेडिओ कोण ऐकतं? फोनमध्ये सगळं आहे. अर्धं खरं आहे. नव्या बऱ्याच फोनमध्ये एफएमची सोय नसतेच. पण घरातला चांगला फोन कुणाच्या खिशात असतो, ते तुम्ही मला सांगा. डेटा संपला की आधी कुणाचं बघणं बंद होतं? खडे चिकटवताना बाई स्क्रीनकडे बघू शकत नाही. रेडिओला रिचार्ज लागत नाही. तरीही मी म्हणेन, केलेला कार्यक्रम फोनवर व्हॉट्सअॅपनेही पाठवावा. कॅसेटच्या जागी आज तेच आहे.

तिसरी अडचण मला झोपू देत नाही. अनोळखीपणाचं मी मघाशी म्हटलं. पाच किलोमीटरच्या रेडिओवर तो राहत नाही. रमाबाई कॉलनीतली बाई बोलली तर नाव बदललं तरी गल्लीला आवाज कळणार. सासूला तर नक्कीच. जी गोष्ट पीसीओवरून मोठ्या शहराला सांगता आली ती शेजारणीच्या रेडिओवर सांगता येईल का? आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो की आमचा रेडिओ जवळचा असेल. मार खाणाऱ्या बाईला जवळचं म्हणजे धोक्याचंही असतं. त्या रात्री ती घरीच झोपणार असते. माणदेशात किंवा माचनूरला याचं काय करतात ते समजून घ्यायला कुणीतरी जायला हवं. मला आत्ता सुचतं ते एवढंच, की हिंसेची गोष्ट जिची तिच्या आवाजात जाऊ नये. दुसरीने सांगावी, चार जणींच्या गोष्टी एकत्र करून सांगावी. ओव्या तशाच तर होत्या. जात्यावर कुणाची सासू गायली जातेय ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणीच म्हणू शकत नव्हतं की माझं नाव घेतलं.

चौथी, पैशाची. मी हिशेब छापून आणलाय, तो वाचून दाखवत नाही. उपकरणांपेक्षा महिन्याचा खर्च जड आहे. रोज बसणाऱ्या दोघी-तिघींना मानधन द्यावंच लागेल. बायकांनी आवड म्हणून फुकट राबावं, हे आपल्याच केंद्रात चालणार नाही. जाहिरात घ्यायची का, कुणाची घ्यायची, यावर इथे भांडण होणार आहे आणि ते आताच झालेलं बरं. गोरं करणाऱ्या क्रीमची नको यावर एकमत होईल. पण कर्ज देणाऱ्या कंपनीची? आपल्या निम्म्या बायका त्यांच्याच हप्त्यांत अडकल्या आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. अर्ज करू, पण वर्षभराने. त्याआधी महिन्याला दोन कार्यक्रम करू, अर्ध्या अर्ध्या तासाचे, आणि वस्तीतल्या बैठकीत वाजवू. पहिला विषय मी सुचवते: सार्वजनिक मुताऱ्या. ‘राइट टू पी’ची मोहीम २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली. आपल्या वॉर्डात बायकांना फुकट आणि उघडी असलेली मुतारी कुठे आहे, कितीला बंद होते, कोण पैसे मागतं, हे स्टेशनवार सांगायचं. ही बातमी आहे की माहिती, ते दिल्लीवाल्यांना ठरवू दे. वर्षाअखेरीस चोवीस कार्यक्रम झाले तर अर्जाबरोबर जोडू. आठच झाले, तर अर्ज करायचा की नाही ते आपल्याला आपोआप कळेल.

अजून एक. केंद्र चालवणाऱ्या समितीत निम्म्या जागा वस्तीतल्या बायकांच्या आणि कार्यक्रम बंद करायचा किंवा नाव बदलायचं तर सगळ्या गटांच्या सभेत मतदान, हे पहिल्याच कागदावर लिहून घ्या. आमच्यासारख्या पदवी घेतलेल्या कार्यकर्त्यांचं ऐकून सोडून देऊ नका. आम्हीही बदली होऊन जातो, संस्थेचा प्रकल्प संपतो, फंड संपतो.

ध्वनिमुद्रणासाठी खोली मिळाली आहे. बालवाडीची, दुपारी दोन ते चार. भिंतीला जुन्या गोधड्या लावल्या की आवाज घुमत नाही, हे आम्ही करून पाहिलं. पंखा मात्र बंद ठेवावा लागतो, आणि पत्रा तापतो. तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला ज्या तिघी येणार आहेत त्यांनी पाणी घेऊन यावं. चौथी लागणार आहे, कुकरच्या वेळा सांभाळून येऊ शकेल अशी. नाव आत्ताच द्या.